दोन दाती बोकड

वर्षाराणीचा विषय असा, की हदगावच्या आत्याबाईंना सांगायची सोय नाही. बोकडाचे शुक्राणू कसे घडतात, हे ती नांदेडच्या प्रयोगशाळेत शोधत होती. शुक्राणू घडताना पेशीत आरएनएचे निरोप फिरतात आणि त्या निरोपांवर इवल्याशा रासायनिक खुणा असतात. कोणता निरोप आत्ता वाचायचा, कोणता जपून ठेवायचा, कोणता फेकायचा, ते या खुणांवर ठरतं. त्या बघायला तिला बोकडाचे ताजे कपुरे, म्हणजे वृषण, लागत. ते हनीफचाचा खाटकाच्या दुकानातून मिळत. थर्मासात बर्फ घालून ती सकाळीच हजर. "आली आमची डॉक्टरीण!" म्हणत चाचा गिऱ्हाइकं थांबवून आधी तिला माल देत.

पहिल्या खेपेला, बकरी ईदच्या दिवसांत, चाचांनी कुर्बानीच्या बोकडाचे कपुरे दिले, त्यात खुणा भरभरून दिसल्या. पोरगी हरखून गेली. पुढं मात्र वर्षभर निकाल फिकेच.

तिचे मार्गदर्शक आदिनाथ सर. यंत्र चुकलं असं म्हणायला ते कधी तयार नसत, चुकायचं ते माणसानंच. "पहिला निकाल निव्वळ योगायोग," ते म्हणाले. "आणि तुझा खाटीक शिळा माल देतोय. आरएनए उन्हात टिकतो का? लातूरच्या परिषदेपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

विषय बदलायचा म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. घाबरून तिनं दुकानात तोंड उघडलं, "चाचा, माल शिळा तर नसतो ना?"

चाचांचा सुरा थांबला. "बेटी, बापाच्या वखतापासून दुकान हाय. शिळं कधी इकलं न्हाई."

माल ते नंतरही देत राहिले, पण डॉक्टरीण म्हणणं बंद झालं. फिक्या निकालापेक्षा तिला हेच जास्त लागलं.

पुन्हा ईद आली. चाचांच्या घरून जाहिदाचाचींचा फोन आला, "रुसवा त्यांचा हाय, माझा न्हाई. ये तू." वर्षाराणी आदल्या दिवशीच त्यांच्या घरी गेली. दारात बोकड बांधलेला. चाचींनी त्याचा जबडा धरून शेजारणीला दाखवला, "बघा, दोन दाती हाय. दुधाचे दोन पडून पक्के दोन आलेत. वरीस भरलंय, कुर्बानीला चालतं."

वर्षाराणी जागच्या जागी उभी राहिली. ईदचा बोकड वर्षाचा, वयात आलेला. आणि दुकानात रोज कापतात ते? कवळे, दुधाच्या दातांचे. गिऱ्हाइकाला कवळंच मटण लागतं. त्यांच्यात शुक्राणू अजून धड घडायलाच लागलेले नाहीत, तर खुणा भरतील कुठून? म्हणजे दोन्ही निकाल खरे होते! बोकड जसा वयात येतो, तशा खुणा चढत जातात. हेच तर शोधायचं होतं. हदगावात शेळ्यांत वाढलेली पोर, आणि बोकडाचे दात बघायला विसरली! तिला स्वतःचं हसू आलं आणि डोळेही भरले.

त्यानंतर एकही बोकड तिनं दात बघितल्याशिवाय सोडला नाही. दुधाचे दात, दोन दाती, चार दाती, सगळे वेगळे तपासले.

लातूरला पडद्यावर तिनं सगळ्यात आधी बोकडाचा उघडा जबडा दाखवला. सभागृह खदखदून हसलं. मग आलेख आला, दातांबरोबर वर वर चढणारा, आणि हसू थांबलं. टाळ्या सुरू झाल्या त्या मागच्या रांगेपर्यंत. आदिनाथ सर उठले, घसा खाकरला. "हिचा पहिला निकाल बरोबर होता. माल ताजाच होता. चूक माझी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. असं बोलताना त्यांना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

नांदेडला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, थेट दुकान गाठलं. गर्दी होती. ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "चाचा, माल ताजाच होता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढं सरांनी कबूल केलं. मी तुमच्यावर शंका घेतली, चुकलं माझं."

चाचांनी सुरा ठेवला, हात पुसले. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "सरका रे सगळे! आधी आमच्या डॉक्टरणीला द्यायचंय!"