बाजेवरचा बुधवार

मी एक जुनी बाज आहे. बारामतीजवळच्या पिंपळी गावात, अप्पांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून असते. मित्रांनो, बाज म्हणजे आडवं होण्याची जागा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण माझं निम्मं आयुष्य उभ्यानंच गेलं.

माझा जन्म इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. बांधावरची बाभूळ वाऱ्यानं पडली, तेव्हा भागुबाईच्या वडिलांनी ती सुताराकडे नेली आणि माझे चार पाय, चार दांड्या घडवून घेतल्या. घायपाताच्या वाखाची दोरी त्यांनी स्वतः मांडीवर वळली. लेकीचं लग्न पिंपळीला अप्पांशी ठरलं होतं. मला विणताना ते शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगी लई राबती माझी. तितं तरी दुपारची पाठ टेकंल." मी ते मनात धरून ठेवलं. आपल्याला कशासाठी केलं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पिंपळीत माझं कौतुक झालं. पाहुणा टेकला की म्हणायचा, "अप्पा, बाज झकास हाय तुमची." भागुबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभी असायची. पाहुणे बसले, आजारी माणसं पडली, बाळंतिणी पडल्या. धडधाकट माणसानं दिवसाउजेडी आडवं व्हायचं नाही, असा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. पण पाळत सगळे होते.

एकदाच, एका चैत्रातल्या दुपारी, भागुबाईनं मला कडुलिंबाखाली टाकलं. बसली. पाय वर घेतले. तिची पाठ माझ्या दोरीला लागते न लागते, तोच अप्पा शेतातून आले.

"बरं न्हाय का?"

"बरं हाय की."

"मग म्हशीचं कोण बघायचं?"

अप्पा रागानं बोलले नव्हते. सहज विचारलं होतं. भागुबाई उठली, आणि मला मोकळं का टाकलं असं कुणी विचारू नये म्हणून तिनं माझ्यावर मिरच्या वाळत घातल्या. पुढं काही वर्षांनी ती माझ्यावर खरीच पडली. आठ दिवस पडली, आणि नवव्या दिवशी गेली. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या मिरच्यांची आग मला अजून जाणवते. त्या दुपारी तिला उठण्यापासून थोपवणं माझ्या हातून झालं नाही.

नंतर घरात दिवाण आला आणि मी गोठ्याशी गेले. वर्षातून एकदा कुरडयांपुरती मला हाक यायची.

आता प्रियदर्शनीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. ती या घराची सून, भागुबाईच्या मुलाची, बुद्धघोषची बायको. पहाटे साडेचारला उठायची. दोन गाईंचं शेण, धारा, डेअरीला दूध घालणं, सगळ्यांचे डबे, आणि मग आठच्या गाडीनं बारामतीच्या एमआयडीसीत. तिथं एका कपड्यांच्या कंपनीत शर्टाच्या कॉलरी तपासायचं काम, दिवसभर उभ्यानं. आल्यावर पुन्हा धारा. आठवड्याच्या सुट्टीला धुणं, खुरपणं आणि कुणाचं तरी लग्न. बुद्धघोष रिकामा होता असंही नाही. त्याची दुसऱ्या कंपनीत पाळी, आणि घरी आला की ऊस. लेक दिशा कॉलेज सांभाळून शिकवण्या घ्यायची. त्या घरात कुणी कुणाला राबवत नव्हतं. सगळे आपणहून राबत होते. थांबलेल्या माणसाशी काय बोलावं, एवढंच कुणाला येत नव्हतं.

मागच्या मार्गशीर्षातला बुधवार होता. बुद्धघोष आणि दिशा गेले होते, अप्पा शेताकडे होते. प्रियदर्शनी डबा घेऊन निघाली आणि अंगणातच थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग डबा ओट्यावर ठेवून तिनं फोन लावला.

"सर, आज येत नाही मी. ताप आलाय."

ताप नव्हता. मला कसं कळलं? फोन ठेवून तिनं मलाच उचललं, आणि तिचे हात गार होते. तिनं मला शेवग्याच्या झाडाखाली टाकलं, फडक्यानं झटकलं आणि ती पडली.

लगेच उठली. भांडी पालथी घालून आली. पुन्हा पडली. पुन्हा उठली, गाईचा दोर बघून आली. तिसऱ्यांदा नुसतीच उठून बसली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. चौथ्यांदा मात्र तिनं डोळे वर केले आणि शेवग्याच्या शेंगा बघत राहिली. हळूहळू तिची पाठ जड झाली. कामाचं माणूस बाजेवर आधी नुसतं ठेवल्यासारखं असतं; अंग सोडलं की मगच त्याचं खरं वजन कळतं. त्या दिवशी मला तिचं खरं वजन कळलं. ती झोपली नाही, काही केलं नाही. एक तास, फार तर सव्वा. निरवांगीहून आल्यापासून माझं खरं काम मी तेवढाच वेळ केलं असेल.

मग शेजारच्या ठमाबाई कुंपणाशी आल्या.

"का गं, बरं न्हाय का?"

प्रियदर्शनी चोरी पकडल्यासारखी उठून बसली. "अंग दुखतंय ओ जरा."

हे दुसरं खोटं. ठमाबाईंनी ते खरं मानलं, हा त्यांचा दोष नव्हे. गुडघे धरत घरी गेल्या, गवती चहाचा काढा करून आणला, समोर बसून पाजला, आणि भर उन्हाचं तिला हनुवटीपर्यंत गोधडी घातली. जाताना म्हणाल्या, "मी सांगती बुद्धघोषला फोन करून. तू गप पड." प्रियदर्शनीनं नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नको का, हे सांगावं लागलं असतं.

एकच्या सुमाराला कंपनीतून रेश्माचा फोन आला. रेश्मा तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"ताई, उतरला का ताप? तुझं टेबल मीच धरलंय, काळजी करू नकोस. मला आज हाफ डे पायजे हुता, अविराजच्या शाळेत पालकांना बोलवलं हुतं. पण सुपरवायझर म्हणला, आधीच एक माणूस कमी हाय. जाऊ दे. तू औषध घे, पडून ऱ्हा."

"व्हय," एवढंच प्रियदर्शनी म्हणाली.

त्यानंतर ती पडली नाही. गोधडी पायाशी लोटून माझ्या काठावर बसली, मान खाली घालून. मित्रांनो, अपराधी माणसाचं ओझं सगळं एकाच दोरीवर येतं. माझी एक दोरी करकरली.

ठमाबाईंचा निरोप जेवणाच्या सुट्टीत मिळाला, तसा बुद्धघोष पाळी अर्धी टाकून आला. हेल्मेटसकट धावत शेवग्याखाली आला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. या बाजेवर दिवसा पडलेलं आपलं माणूस त्यानं याआधी एकदाच पाहिलं होतं.

"चल, दवाखान्यात चल."

"मला काय झालं नाही."

"ठमाकाकू म्हणल्या..."

"मी खोटं बोलले. कंपनीत बी आणि त्यांना बी." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मला नुसतं पडायचं हुतं."

बुद्धघोषनं हेल्मेट काढलं. त्याला राग आला होता हे दिसत होतं, पण घाबरून आलेल्या माणसाचा राग लवकर विरतो. "मग मला सांगायचं की सकाळी."

"सांगितलं असतं तर तुमी विचारलं असतं, का म्हणून. माझ्याकडं कारण नव्हतं."

अप्पा मघाशीच शेतातून आले होते आणि गोठ्याच्या दाराशी उभे राहून ऐकत होते. ते पुढं आले आणि लेकाला म्हणाले, "तुझी आय अशीच एकदा आडवी झाली हुती. निंबाखाली. मी तिला म्हणलं, म्हशीचं कोण बघायचं." मग गोठ्याकडे वळत म्हणाले, "म्हैस काय मरत न्हवती पाण्यावाचून. मी हुतोच की तितं."

मला वाटत होतं, ती दुपार फक्त मलाच आठवते.

"आज धारा मी काढतो," अप्पा म्हणाले. "तू पड, पोरी."

अप्पांना धारा काढून कैक वर्षं झाली होती. गाईनं लाथ मारली, निम्मं दूध सांडलं. प्रियदर्शनी उठायला गेली तर बुद्धघोषनं तिला हातानं थांबवलं. ती पुन्हा आडवी झाली, पण तोंडावर पदर घेऊन रडत होती. ती विश्रांती होती असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रेश्माला खरं सांगितलं. रेश्मा चार दिवस बोलली नाही. आठवड्याच्या सुट्टीला मात्र ती स्वतःच पिंपळीला आली आणि माझ्या काठावर बसली.

"तू खोटं बोललीस ह्याचा राग न्हाय मला," ती म्हणाली. "मी बी बोलले असते. मला सुचलंच न्हाय कधी, ह्याचा राग हाय."

"चुकलं माझं."

"चुकलंच. पुढच्या बारीला मला आधी सांग. त्या दिवशी मी तुझं टेबल धरीन. मग एक दिवस तू माझं धर. आजारी म्हणून न्हाय, सुट्टी म्हणून."

मग प्रियदर्शनीनं तिला उशी दिली. रेश्मा नको नको म्हणाली, पडलं की उठवत न्हाय म्हणाली, आणि पडली. प्रियदर्शनी तिच्या पायाशी भाजी निवडायला बसली. थोड्या वेळानं निवडायची थांबली, पण हात भाजीवरच ठेवून होती.

आता महिन्यातून एकदा तरी मला शेवग्याखाली टाकतात. अविराजच्या शाळेतला तो दिवस मात्र त्याच्या आईवाचून गेला, तो काही परत आला नाही. प्रियदर्शनी अजूनही माझ्यावर पडली की आधी फाट्याकडच्या रस्त्याकडे बघून घेते. ती सवय मोडायला किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, मला नवी दोरी द्या, रंग द्या, असं माझं मागणं नाही. एवढंच करा. तुमच्या घरात राबणारं कुणी भर दिवसा आडवं झालेलं दिसलं, तर ताप बघायला धावू नका आणि कारणही विचारू नका. आवाज न करता आत जा, त्याचं एक काम आपल्या हातात घ्या, आणि ते उठल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढू नका.