पाचव्या खंडावरची चिठ्ठी

हृदयाच्या ऑपरेशननंतर आत्या पहिल्यांदाच वाचनालयात आली, तीही भाच्याचा हात धरून.

"आता काय वाचू गं?" तिनं ग्रंथपाल पोरीला विचारलं.

पोरीनं एक चिमुकलं पुस्तक पुढे केलं. "हे न्या, काकू. हलकंफुलकं आहे, पटकन संपेल."

आत्याचं डोकंच फिरलं. दवाखान्यातून आल्यापासून जो तो तिला पातळ जेवण वाढत होता, आता पुस्तकंही पातळ!

"माझ्या वयाकडे बघून सांगू नकोस. तुला वेड लावलेली एखादी जुनी, गाजलेली कादंबरी सांग."

पोरगी घुटमळली. "आहे एक. तहानभूक विसरून वाचली होती मी. पण पाच खंड आहेत, आणि एका वेळी एकच मिळतो."

"पाच?" भाचा चाचरला. "आत्या, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरनं छाती उघडली माझी, डोळे नाही काढून घेतले!" आत्या कडाडली आणि पोरीकडे वळली. "पहिला खंड दे. आणि पाचव्यावर आत्ताच माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेव. कुणी मागायला आलं तर सांग, थांबा म्हणावं, म्हातारी वाचत वाचत येतेय."