बासष्टावा ठोका

मंठ्याच्या अलीकडच्या तांड्यात कुणी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, की नगाऱ्यावर एक ठोका पडायचा. ही रीत थावरू नाईकानं पाडली. एरवी नगारा वाजायचा होळीला, लग्नाला, नाहीतर मुलगा झाला म्हणून. पोरीनं नाव लिहिलं तरी ठोका मारणारा हा कसला नाईक, म्हणून म्हातारे कुरकुरले. पण नाईकाचा शब्द मोडणार कोण?

थावरू तरुणपणी धान्याच्या गाड्या घेऊन जालन्याच्या मोंढ्यात जायचा. तिथं एका मुनिमाकडून तो बाळबोध शिकला आणि तांड्यात शाळा मांडून बसला. निजामाचं राज्य; परवानगीशिवाय शाळा कशी चालेल? पोलिसांचा अमीन आला, पाट्या फोडल्या आणि नाईकाला ठाण्यात घेऊन गेला. आठ दिवसांनी तो परतला तो खोकतच. दुसऱ्या दिवशी त्यानं खळ्यावर माती पसरली आणि बोटानं अक्षरं गिरवून घ्यायला लागला.

त्याच दिवशी त्याची बायको धनीबाई हटून बसली. "ह्या अक्षरांनी माझं घर खाल्लं. मी मरंल, पर शिकणार न्हाई."

वर्षं गेली, तांड्याची नावं लिहून झाली. नाईक हसून म्हणायचा, "एकसष्ट ठोके झाले. बासष्टावा तुझा ठिवलाय, धनी."

मग एका थंडीत त्याच्या खोकल्यात रक्त दिसलं आणि धनीबाईचा हट्ट कुठल्या कुठं गेला. बाई खाष्ट खरी, पण नवऱ्यावर जीव होता. शेजारच्या सगुणाबाईकडून शिकून ती दुपारी चुलीच्या राखेत नावाची चार अक्षरं गिरवायची, कुणी आलं की हात फिरवून पुसायची. महाशिवरात्रीला नाव बिनचूक उतरलं.

सगुणाबाई म्हणाली, "आत्ताच दाखीव की. नाईकाचं काही खरं न्हाई."

"होळी पंधरा दिवसांवर आली. सगळा तांडा जमंल, नगारा निघंल. मंग बराबर दाखवते. लई वर्षं रडवलं त्यान्ला, जरा थाटात हसू दे."

होळीला पाच दिवस असताना नाईकानं तिला जवळ बोलावलं. "धनी, नुसता ध काढून दाखव. बाकीचं मी समजून घेतो."

तिचा हात राखेकडे गेलाही होता. पण होळी मनात आली आणि ती म्हणाली, "आधी काढा घ्या. मंग बघू."

तो काढा प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दिवस मावळायच्या आत थावरू नाईक गेला.

बायांनी गळा काढला. धनीबाई रडली नाही. तिनं मढ्याजवळच्या मातीत बोटानं नाव लिहिलं आणि दिराला, सोमलाला म्हणाली, "ठोका मारा."

सुतकात नगारा वाजत नाही, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सोमलानं ती चार अक्षरं वाचली आणि आतून नगारा आणला. पावसाळ्यापासून कोपऱ्यात पडून त्याचं कातडं सैल झालं होतं. काठी मारली तर नुसतं धप्प झालं, पोतं पडावं तसं.

सोमलाचे डोळे भरले. "वहिनी, शेकल्याबिगर वाजत न्हाई, अन् सुतकात घरची चूल पेटत न्हाई. होळीच्या आगीवर शेकू, मंग मारतो."

धनीबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"होळीला, असं मीच म्हणत होते, भावजी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.