डाव्या पायाचा मोजा

“उजवा काढतो. डावा नाही,” बाबा म्हणाले.

आता सांगा, मी समोर फतकल मारून बसलेय, मांडीवर टॉवेल, बाजूला तेलाची वाटी, आणि हा माणूस एकाच पायाला तयार! तुम्हाला माहितीये ना, माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, मान खाली. पण गेला महिनाभर मान अशी धरलेली, की कुणी हाक मारली तर कपाट सरकवल्यासारखे अख्खे वळायचे. वर डोकेदुखी. डॉक्टरांनी सगळं तपासलं, म्हणाले, ताण आहे, आराम करा. आराम कसला! लोकांची घड्याळं न उघडताच परत द्यायला लागले होते. ते काही बघवेना. म्हणून तर मी तो तळपाय दाबायचा कोर्स केला. आठ रविवार!

“बाबा, डोकं डावीकडे दुखतं ना? मग डावाच पाय लागणार. हा बघा तक्ता. अंगठा म्हणजे डोकं, अंगठ्याचं मूळ म्हणजे मान.”

“मग उजवीकडून वळसा घालून जा.”

“अहो, दाखवा की आता,” आई दारातून म्हणाली. “पोरगी काय परकी आहे?”

बाबांनी आधी उजवा मोजा काढला. मग हळूच डावा. आतून कापसाचा बोळा टॉवेलवर पडला. अंगठा नव्हताच!

म्हणजे बघा, जन्मापासून त्यांना मोज्यांतच पाहिलेलं. दारावरची बेल वाजली तरी आधी मोजे, मग दार. मला वाटायचं, थंडी वाजते. दुकानाचं शटर पडलं होतं म्हणे पायावर, माझ्या जन्माआधी.

आठ रविवारांत हे कुणी शिकवलंच नव्हतं!

मग बाबांनीच तक्ता ओढला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एखादं बंद घड्याळ तपासावं तसा तो तक्ता बारकाईने बघितला.

“डोकं गेलंय आपलं,” म्हणाले, “पण मान शिल्लक आहे. इथून सुरू कर.”

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी दाबायला घेतलं. जुन्या खुणेजवळ हात गेला तसा पाय आधी आखडला, मग हळूहळू सैल पडला.

“इथे अजून खाजतं कधी कधी,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “जिथे काही नाही ना, तिथेच.”

मी तिथेच हलक्या हाताने दाबत राहिले. वीस मिनिटांत स्वारी घोरायला लागली!

त्यांना जाग आली तेव्हा आईने आतून हाक मारली आणि बाबांनी नुसती मान वळवली. थोडीशीच, पण मानच. खांदे जागच्या जागी! आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघतोय, तेवढ्यात बेल. समोरचे काका असणार, त्यांचं घड्याळ परवा तसंच परत केलं होतं. मी पटकन मोजे उचलून पुढे केले.

बाबांनी ते घेतले, खुर्चीच्या हातावर ठेवले, आणि अनवाणीच दार उघडायला गेले.