बिनठोकळ्याचे ठोके

सायकलच्या डाव्या पायडलचा क्रँक ढिला झाला की सोजरचा डावा हात खांद्यातून निखळून खाली पडायचा, आणि क्रँकची पिन ठोकून बसवली की हात परत जागेवर बसायचा. नऊ वर्षं हे चाललं होतं. स्टँडमागच्या गल्लीत कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. हात कुठं पडलेला दिसला की लोक तो उचलून अंबादासच्या दुकानात आणून द्यायचे, विसरलेली भाजीची पिशवी आणून द्यावी तसा.

अंबादास पोळ सायकली दुरुस्त करायचा. पुढं दुकान, मागं घर. सोजर त्याची बायको. सायकल तिची, तिच्या भावानं लग्नात दिलेली.

हे सुरू कसं झालं तेही सांगून टाकतो, झाकून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्याच वर्षी सोजर न विचारता सायकलवरून शेलगावला भावाकडं जाऊन आली. दुसऱ्या दिवशी अंबादास तीच सायकल खोलून बसला होता. बोलता बोलता त्यानं हातातला क्रँक, म्हणजे पायडलचा तो वीतभर लोखंडी दांडा, तिच्या डाव्या खांद्यावर घातला. चार वेळा. मग क्रँक फडक्यानं पुसला, सायकलला लावला आणि पिन ठोकली. राग आला होता म्हणतो. राग कुणाला येत नाही? पण नऊ वर्षांत गिऱ्हाइकाच्या सायकलवर त्यानं रागानं एक ओरखडा काढलेला नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

संध्याकाळी सोजर निघाली, भावाकडं, कायमची. शेलगाव अकरा किलोमीटर. दहाव्या किलोमीटरला क्रँक खडखडला, पिन निसटली आणि हात रस्त्यावर पडला. तिनं तो कॅरिअरला अडकवला आणि एका हातानं सायकल ढकलत परत आली. अंबादासनं पिन ठोकली. तीन ठोक्यांत हात बसला.

"आता नाही ढिला व्हायचा," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला ती आठव्या किलोमीटरवरून परत आली. मग कॅनॉलवरून, मग पेट्रोल पंपावरून. ठोके मात्र वाढत गेले. सात लागले, मग बारा, मग एकोणीस. प्रत्येक ठोका सोजरच्या अंगावर निळा उमटायचा. आणि प्रत्येक ठोक्याला दुकानाची भिंत बोटभर आत यायची. आधी दुकानात सहा सायकली मावायच्या, मग चार, मग कशाबशा दोन. अंबादास गल्लीभर सांगत सुटला की शेजाऱ्यानं भिंत सरकवली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

एकोणीस ठोके पडले त्या दिवशी समोर बांधलेल्या शेळीचे पुढचे दोन्ही गुडघे फुटले, आणि शेजारच्या ओट्यावर बसलेल्या मौलाचाचांचे दात चहाच्या कपात गळून पडले. अंबादासला हे काम चाचांनीच शिकवलेलं. त्यांनी दात रुमालात बांधले आणि ते दुकानाच्या दारात आले. आत यायला जागा नव्हती.

"ठोकळा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसला ठोकळा?"

"कसला म्हणून मलाच विचार. पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडी ठोकळा धरायचा, पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला. खाली टेकू असला की ठोका पिनेत राहतो. नसला की पिन बसल्यासारखी वाटते आणि ठोका भलतीकडंच जातो. ठोका कुठंतरी जातोच, बेटा."

"ठोकळा मोडीत घातला मी, लग्नाच्या आधीच. मनगटात जोर असल्यावर ठोकळा कशाला लागतो, चाचा?"

"मग तुझं स्वतःचं काहीतरी धर खाली," चाचा म्हणाले, आणि रुमाल खिशात घालून परत ओट्यावर जाऊन बसले.

शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. अंबादासला शब्द ऐकू आले, एवढंच. खरं म्हणजे त्याचं यात फावतच होतं. पिन जितकी लवकर निसटेल तितकी सोजर लवकर माघारी येणार. ती गेली तर आपण या घरात एकटे काय करणार, याची त्याला मनापासून भीती वाटायची. भीती वाटली की तो आणखी एक ठोका घालायचा.

खंडेनवमीला सकाळी त्यानं पाट मांडला. या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नेम त्यानं कधी मोडला नव्हता. आदल्या संध्याकाळी सोजर सायकल घेऊन दाराच्या पायरीपर्यंत गेली होती, आणि हात पायरीवरच पडला होता. अंबादास फडक्याला तेल लावून एकेक वस्तू पुसत गेला. पाने पुसले, पक्कड पुसली, हातोडी पुसली. मग हात आला, तोही पुसला, पाटावर ओळीनं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडू ठेवला.

सोजर मागच्या दारानं आली. दुकान आता न्हाणीएवढं उरलं होतं. सायकल, पाट आणि ती दोघं, बास.

"माझा हात हत्यारांत मांडलात," ती म्हणाली.

अंबादासनं बघितलं. मांडला होता खरा.

"उद्या ठोकून देतो," तो म्हणाला. "आज हत्याराला शिवायचं नसतं."

"मला आज जायचंय."

"कुठं जातीस? पायरीपर्यंत तर जातीस."

सोजर वाकली आणि उजव्या हातानं पाटावरची हातोडी उचलली. अंबादास ताडकन उभा राहिला. बायकोचा हात रस्त्यावर पडला तेव्हासुद्धा तो असा उठला नव्हता.

"खाली ठेव ती. पूजेतली आहे."

"हत्यार तुमचं, पूजा तुमची," सोजर म्हणाली. "माझा फक्त हात आहे."

तिनं आपला हात पाटावरच राहू दिला. पिन दातांत धरली, मान तिरकी करून क्रँकच्या भोकात बसवली, आणि हातोडीनं पिनेवर एकदाच टिचकी मारली, दाखवण्यापुरती. दोन्ही भिंती वीतभर आत आल्या. अंबादासची पाठ भिंतीला लागली, गुडघे सायकलला टेकले. आणखी एक ठोका असाच पडला तर दोघांचंही काय होईल हे हिशेब न करता कळत होतं.

"खाली काहीतरी धरा," ती म्हणाली. "टेकू नसेल तर मी ठोकणार नाही."

"ठोकळा नाही."

"माहितीय."

त्यानं पंजा पुढं करून बघितला, पण कोपर वळवायला जागा नव्हती. पायही हलत नव्हता. क्रँकखाली जाईल असं अंगाचं एकच ठिकाण होतं. तो घसरत खाली बसला, मान वाकडी केली आणि डावा खांदा क्रँकखाली सरकवला. लोखंड गार होतं. खांदा तिथं बरोबर बसला, जराही फट राहिली नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून, ओट्यावरून, चाचांचा आवाज आला.

"आता बरोबर आहे."

"किती ठोके?" अंबादासनं विचारलं.

"बसेपर्यंत," सोजर म्हणाली.

पाटावरच्या हाताची बोटं सावकाश मिटली. अंबादासनं वर बघितलं. हातोडीवरचं कुंकू त्याच्या डोळ्यात पडलं, त्यानं एक डोळा मिटला. दुसऱ्या डोळ्याला हातोडीच्या तोंडावर चिकटलेली झेंडूची पाकळी दिसली, आधी लांबून, मग अगदी जवळून.