अकरा आठवडे

विकासच्या तेराव्याच्या दिवशी टपाल आलं. जामबागच्या त्या घरात पंगत उठत होती. विकासची बायको ईशा हिने पाकीट फोडलं आणि पत्र उभ्याउभ्याच वाचलं. संशोधन संस्थेने विकासच्या नावाने लिहिलं होतं : तुमच्या रक्ताच्या नमुन्यात गंभीर आनुवंशिक दोष आढळला आहे, हृदयविकाराचा धोका आहे, त्वरित डॉक्टरांना भेटा. तपासणी पूर्ण झाल्याची तारीख नऊ जानेवारी होती. विकास गेला सत्तावीस मार्चला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अंघोळ करताना.

ईशाने पत्र दीर कुलदीपच्या हातात दिलं. "अकरा आठवडे," ती म्हणाली. "अकरा आठवडे त्यांना मालूम होतं."

कुलदीपचं अफझलगंजला लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टायर काढायची लोखंडी टॉमी रेक्झिनच्या पिशवीत घातली आणि स्कूटर काढली.

डॉ. त्रिवेणी बिरादार काचीगुड्याच्या. हृदयरोगतज्ज्ञ होत्या, पण आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळेत काढायच्या. एकेका घरातली माणसं पस्तिशी-चाळिशीत मधुमेहाने आणि हृदयाच्या झटक्याने का मरतात, ते त्या अकरा वर्षं शोधत होत्या. चारशे बारा घरांचं रक्त त्यांच्या फ्रीझरमध्ये होतं. त्यातल्या एकतीस माणसांत त्यांना एका जनुकातला बिघाड सापडला होता. त्यामुळे यकृत रक्तातली चरबी उचलतच नव्हतं. ती धमन्यांत थरावर थर साचत होती. कुलदीप आणि विकासचे वडील हणमंतराव एकेचाळिसाव्या वर्षी असेच गेले होते. म्हणूनच दोघा भावांनी रक्त दिलं होतं.

संशोधनातला निष्कर्ष परवानगीशिवाय कुणाला कळवायचा नाही, असा नियम होता. त्रिवेणींनी नीतिसमितीला अर्ज केला होता आणि त्या वाट बघत बसल्या होत्या. समिती एकेका नावाला मंजुरी देत होती; पहिली आली ती विकासच्या नावाची, एप्रिलमध्ये, आणि संस्थेने पत्र धाडलं.

साडेअकराला कुलदीप आला. पहारेकऱ्याने ओळखीचा म्हणून सोडला. प्रयोगशाळेत त्रिवेणी आणि त्यांची विद्यार्थिनी केतकी, दोघीच होत्या.

"डॉक्टरबाई, विकास गेला. एकच विचारतो." त्याने पत्र टेबलावर ठेवलं. "जानेवारीत तुम्हाला कळलं होतं का नाही?"

त्रिवेणींनी तारीख पाहिली. विकास गेल्याचं त्यांना त्या क्षणी कळलं.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग फोन कैकू नाही केला?"

"परवानगी नव्हती."

टॉमीचा पहिला घाव त्रिवेणींच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज केतकीलाही ऐकू आला. दुसरा बरगडीत. त्रिवेणी स्टुलासकट खाली पडल्या. केतकीने त्याचा शर्ट मागून धरला, तर त्याने तिला कोपराने कपाटावर फेकलं. तिच्या ओठातून रक्त आलं.

"माझ्या भावाचं रक्त कुठंय?" तो ओरडत होता. "दाखव! कुठं ठेवलंस?"

तो स्वतःच आतल्या खोलीत शिरला. फ्रीझरचं दार उपटून काढावं तसं त्याने उघडलं. बर्फाळलेले खण ओढून फरशीवर आपटले. शेकडो नळ्या फुटल्या. चपलेने त्याने त्या चिरडल्या, गुडघ्यावर बसून टॉमीने ठेचल्या. मग कोपऱ्यातलं द्रवरूप नायट्रोजनचं भांडं त्याने लाथेने आडवं केलं. पांढरा धूर फरशीवर पसरला आणि त्याच्या उघड्या पायांवरून गेला. तो किंचाळला, तरी टॉमी चालूच होती. एकाएकी ती थांबली.

खोली लहान होती. नायट्रोजनने तिथली हवा हटवली होती. तो बेशुद्ध पडला होता.

"मॅडम, आत जाऊ नका!" केतकी ओरडली. "मराल!"

त्रिवेणींनी श्वास रोखला. डाव्या हाताने त्याची कॉलर पकडली आणि फुटक्या काचांवरून त्याला फरफटत बाहेर आणलं. व्हरांड्यात पोचल्यावर तो खोकला. डोळे उघडले.

तेव्हा त्यांनी त्याला लाथ मारली. बुटाच्या टोकाने, बरगडीत. पुन्हा मारली. "अकरा वर्षं!" त्या ओरडल्या. "अकरा वर्षं होती ती माझी!" तिसऱ्या लाथेला केतकीने त्यांना मिठी मारून मागे ओढलं.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा त्रिवेणींनी लाथांचंही सांगितलं आणि जानेवारीचंही. संस्थेचा वकील म्हणाला, "मॅडम, याची गरज नव्हती."

"विकासला होती," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या खाटेवरूनच त्यांनी केतकीकडून यादी मागवली आणि डाव्या हाताने फोन लावायला सुरुवात केली. आता परवानगीची वाट पाहिली नाही. विकास सोडून उरलेल्या तिसांपैकी दोघं तोवर गेले होते. एकाच्या आईने फोनवर शिव्या घातल्या. त्रिवेणींनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. यादीत कुलदीपचंही नाव होतं. सरकारी दवाखान्यात, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्याच्या गोठलेल्या पायाची तीन बोटं कापली होती. त्याला सांगायला त्या स्वतः गेल्या.

"तुझ्यातही तेच आहे."

"मर म्हणायला आलीस?"

"गोळ्या घे म्हणायला आले."

त्याने गोळ्यांचं पाकीट त्यांच्या तोंडावर फेकलं. त्यांनी ते उचलून नर्सच्या हातात दिलं, डोस लिहून दिला आणि निघाल्या.

जूनमध्ये ईशा सात वर्षांच्या मुलीला घेऊन प्रयोगशाळेत आली. नमस्कार नाही, काही नाही. "हिचं रक्त घ्या. ज्या दिवशी तुम्हाला कळेल, त्याच दिवशी मला कळलं पाहिजे."

निकाल आला गुरुवारी दुपारी चारला. साडेचारला प्लास्टरमधला हात सावरत त्रिवेणी जामबागच्या दारात उभ्या होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

ईशाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने तो भिंतीवर असा आपटला की गिलावा उडाला. मग पुन्हा उचलून आपटला. आतून मुलगी धावत आली आणि आईला बिलगली. ईशा बराच वेळ तिच्या केसांत तोंड खुपसून बसली.

"आत या," शेवटी ती म्हणाली. "काय काय करायचं ते सगळं सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते."