डोळे मिटून टोचलेली पिन

ग्रँड नॅशनलची अडथळ्यांची शर्यत म्हणजे आमच्या घरी माझ्या बायकोचा, मोइराचा दिवस. त्या शनिवारी ती वर्तमानपत्रातली घोड्यांची यादी टेबलावर पसरायची, डोळे मिटायची आणि पिन टोचायची. पिन लागेल त्या घोड्यावर आमची वर्षातली एकमेव पैज.

मोइरा हिवाळ्यात गेली. या वर्षी पिन मला टोचायची होती. शर्यतीच्या वेळी घर गप्प राहील, याचीच मला धास्ती होती. म्हणून तिच्या बहिणीला, विनीला, बोलावलं.

मी पिन टोचली. ती लागली थेट किल्डेर प्रिन्सवर, ज्याच्यावर सगळं लिव्हरपूल पैसे लावत होतं.

"डेस, लबाडा! डावा डोळा किलकिला होता तुझा."

"पापणी फडफडली गं."

"चाळीस वर्षं ती हरली, पण डोळे मिटून हरली. टोच पुन्हा!" विनीने माझ्या डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं बांधलं.

आता मिसेस हॅलोरन नावाची घोडी आली. भाव एकाला शंभर.

"ही पळणार की दुधाची गाडी ओढणार?" मी म्हणालो, पण पैसे तिच्यावरच लावून आलो.

सहाव्या कुंपणाला किल्डेर प्रिन्सने स्वाराला पाडलं. विनीने ते फडकं माझ्या मांडीवर टाकलं. आमची घोडी मात्र सगळ्यांच्या मागून एकेक कुंपण सावकाश ओलांडत होती.

"उडी मार गं बाई!" आम्ही दोघंही टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होतो.

शेजाऱ्याने भिंत ठोकली. "डेस, जिंकलास की काय?"

"शेवटची आली!" मी ओरडून सांगितलं. "पण पडली नाही!"